पाणी आणि कागद

रिकामा कंटेनर कारखान्याच्या दारात लागला की मी आधी त्यात शिरतो आणि ड्रायव्हरला बाहेरून दार लावून घ्यायला सांगतो. नवा ड्रायव्हर असेल तर जरा चमकतो. आत मिट्ट काळोख होतो. डोळे सरावायला मिनिटभर लागतं, मग छत आणि कोपरे निरखायचे. टाचणीच्या टोकाएवढा जरी उजेड कुठून आला तरी तो डबा परत यार्डात, कारण उजेडाला जी वाट मिळते ती पावसालाही मिळते. मग नाकाचं काम. मागच्या फेरीत कांदा होता, कातडी होती की रंगाची पिंपं, हे कंटेनरचा लाकडी तळ बरेच दिवस सांगत राहतो, आणि पापड-मेतकुटासारखा माल दुसऱ्याचा वास लगेच उचलतो. शेवटी तळावर हात टेकवायचा. गार, ओलसर लागला तर डबा नुकताच धुऊन दिलेला आहे, आणि ते पाणी पुढचे चाळीस दिवस आपल्या मालाबरोबर प्रवास करणार.

लोणची, पापड, मसाले, आमरसाचे डबे असा अमेरिकेसारख्या देशांत बोटीनं जाणारा माल भरून देणं आणि त्याचे कागद करणं हे माझं काम. लग्नामुंजीत भेटणारे लोक एकच प्रश्न विचारतात: एवढ्या लांब बोटीनं जातं तर खराब कसं होत नाही, आत फ्रीज असतो का? नसतो. फ्रीजचे कंटेनर वेगळे, त्यांतून द्राक्षं आणि मासळी जाते, आणि त्यांचं भाडं कितीतरी जास्त. लोणचं जातं ते साध्या पत्र्याच्या डब्यातून. उन्हात उभा असला की याच डब्याच्या छताखाली पन्नास-साठ अंशांपर्यंत पारा चढतो. तिथं काय टिकणार हे बरणीचं झाकण बसतं तेव्हाच ठरलेलं असतं.

ठरवतं ते पाणी. समुद्राचं नव्हे, पदार्थातलं. आणि त्यातही पाणी किती आहे यापेक्षा मोकळं किती आहे हे बघायचं. मोरांब्यात पाणी भरपूर असतं, पण ते साखरेनं धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या हाती लागत नाही. मीठही तेच करतं. प्रयोगशाळेत हे मोकळं पाणी शून्य ते एक अशा मापानं मोजतात आणि त्याला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याचं माप एक. ०.८५ च्या खाली रोगकारक जिवाणूंची वाढ थांबते, ०.६ च्या खाली बुरशीही धरत नाही. कैरीच्या फोडींना मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायचं, सुटलेलं पाणी काढायचं आणि फोडी पंचावर पसरायच्या, ही घरोघरची रीत म्हणजे हे माप खाली आणण्याचीच युक्ती आहे.

दुसरं माप आंबटपणाचं. सामू (पीएच) ४.६ ही अमेरिकेच्या अन्नकायद्यातली मोठी रेघ आहे. तिच्या वर, म्हणजे आंबटपणा कमी असेल, पदार्थात मोकळं पाणी असेल आणि हवा बंद असेल, तर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढून जीवघेणं विष तयार करू शकतो. कैरी आणि लिंबू या रेघेच्या खूप खाली असतात, त्यांची काळजी नाही. लसूण, मिरची, कारलं यांची आहे. लसूण नुसता तेलात बुडवून बरणी बंद केली तर त्या जिवाणूला हवं ते सगळं आपण हातानं देतो. म्हणून अशा लोणच्यात व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घालून सामू खाली आणतात, आणि तो कसा आणला हे प्रत्येक पदार्थासाठी आणि प्रत्येक मापाच्या बरणीसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे, आधी नोंदवावं लागतं. डाळ, भाजी, पनीरची तयार पाकिटं ना आंबट ना कोरडी. ती रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांच्या आसपास शिजवून निर्जंतुक करतात. त्यांचीही नोंद असते. पुष्कळ नवे कारखानदार इथंच अडखळतात. कैरीचं लोणचं बिनतक्रार गेलं, आता लसणाचंही पाठवू, असं त्यांना वाटतं. दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात, कायद्याला मात्र त्या दोन वेगळ्या जाती आहेत.

पापडाचं दुखणं निराळं. पूर्ण वाळवला तर तडकतो, ओला राहिला तर बुरशी धरतो, म्हणून तो कायम मधल्या कड्यावर असतो. आणि चकली-शेवेला पाण्याइतकीच हवेची भीती. तळणीचं तेल प्राणवायूमुळे खवट होतं आणि उष्णतेत ते फार लवकर होतं. पाकिटात नायट्रोजन भरतात तो त्यासाठी.

आता महिने मोजू. दिवाळीचा माल न्यू जर्सीच्या दुकानांत सप्टेंबरअखेर लागायला हवा. म्हणजे कंटेनर इथून जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला सुटला पाहिजे आणि फराळ आषाढ-श्रावणात तळला पाहिजे. वर्षातली सगळ्यात ओली हवा आणि सगळ्यात कुरकुरीत माल यांची गाठ अशी पडते. कैरीचंही तेच: मे महिन्यात कापलेली कैरी मुरून बरणीत जाईपर्यंत दारात पाऊस येऊन उभा असतो. गरजेच्या वेळी आपण नेमका पावसाळाच डब्यात कोंडतो.

पुठ्ठ्याचा खोका स्पंजासारखा असतो. हवा दमट असली की तो पाणी पितो, आणि पाणी प्यायलेल्या खोक्याची ताकद निम्म्यावर येते. खालच्या थराचे खोके बसतात, वरचे कलंडतात, बरण्या फुटतात. एका वर्षी माल तयार होता, गाडी उशिरा आली, आणि खोके रात्रभर पत्र्याच्या शेडखाली राहिले. भिजले नव्हते, फक्त गार-दमट लागत होते. मी भरू दिले. तिकडून आलेल्या फोटोत वरच्या थरावर तपकिरी डागांच्या रांगा होत्या आणि पापडाच्या चाळीसएक खोक्यांत हिरवट बुरशी. डबा कुठेही गळत नव्हता. पाणी आम्हीच पाठवलं होतं.

हे डाग पडतात कसे ते सांगतो. दिवसा डबा तापतो, खोक्यांतला आणि लाकडातला ओलावा हवेत येतो. रात्री लोखंडी छत झपाट्यानं गार होतं आणि त्याच्या आतल्या अंगाला दव धरतं. थेंब जमतात आणि खाली टपकतात. या धंद्यात याला कंटेनरमधला पाऊस म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती नाही. दुसरा प्रकार उलटा. बोट गार पट्ट्यातून उष्ण पट्ट्यात शिरते तेव्हा माल अजून गार असतो आणि बाहेरची दमट हवा डब्याच्या बारीक झरोक्यांतून आत येते. मग फ्रीजमधून काढलेल्या तांब्यासारखा मालच घामेजतो. उपाय साधे आहेत, फक्त कंटाळा करायचा नाही: खोके कोरड्या गोदामात ठेवायचे, कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या डब्याच्या भिंतींना टांगायच्या, सगळ्यात वर जाड तपकिरी कागद अंथरायचा. पिशव्या प्रवासात पाणी ओढून फुगतात. न्यू जर्सीत दार उघडल्यावर त्या फुगलेल्या दिसल्या की पैसे वसूल.

भरायचा हिशेबही बघण्यासारखा असतो. वीस फुटी कंटेनर आतून सुमारे ५.९ मीटर लांब, २.३५ रुंद आणि २.३९ उंच, म्हणजे ३३ घनमीटर. भाडं डब्याचं असतं, किलोचं नसतं, म्हणून रिकामी जागा म्हणजे पैसे देऊन पाठवलेली हवा. समजा ३०० ग्रॅमच्या काचेच्या बरण्या, एका खोक्यात १२. काचेसकट खोका सहा किलोच्या आसपास. असे २,००० खोके म्हणजे १२ टन, पण ते जागा घेतात जेमतेम १७-१८ घनमीटर. उरलेल्या जागेत आणखी लोणचं घालायचा मोह होतो, पण अमेरिकेतल्या महामार्गांवर ट्रक, चासी, डबा आणि माल मिळून ८०,००० पौंडांची मर्यादा आहे, आणि आखूड डब्याचं वजन थोड्याच चाकांवर येत असल्यानं आम्ही माल साडेसतरा टनांच्या आसपास थांबवतो. त्यापेक्षा वर पापड आणि चकली चढवावी. जड खाली, हलकं वर. काच आणि पापड यांच्यात प्लायचा एक थर. लाकडी पॅलेट वापरलं तर ते ५६ अंशांवर ३० मिनिटं गाभ्यापर्यंत तापवलेलं हवं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीसारखा शिक्का हवा, म्हणजे इकडची लाकूडकीड तिकडच्या जंगलात जात नाही. शिक्का नसलेलं एक पॅलेट अख्खा कंटेनर परत आणू शकतं.

दार बंद झालं, सील ठोकलं, की पाण्याचा भाग संपतो आणि कागदाचा सुरू होतो. खरं तर तो कधीच सुरू झालेला असतो. आयात-निर्यात कोड (हल्ली तो पॅन नंबरच असतो), एफएसएसएआयचा (भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना, अपेडाची (शेतमाल निर्यात प्राधिकरणाची) नोंदणी हे कारखान्याचे कायमचे कागद. प्रत्येक खेपेला इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. शिपिंग बिल कस्टम्सच्या पोर्टलवर चढतं, आणि कारखान्यातच माल भरला असेल तर दारावर इलेक्ट्रॉनिक सील लागतं, म्हणजे बंदरात पुन्हा डबा उघडायची वेळ सहसा येत नाही. भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन देणं १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचं आहे. अंदाजे वजन लिहून बोटीवर रचलेले डबे वादळात कोसळतात, हे शहाणपण महागात मिळालेलं आहे. मग गाडी घाट उतरून न्हावा-शेवाला जाते. उरण तालुक्यातलं हे बंदर १९८९ साली सुरू झालं आणि महाराष्ट्रातला कंटेनरमधला बहुतेक माल आज तिथूनच बाहेर पडतो. कट-ऑफच्या, म्हणजे त्या बोटीसाठी डबे घेणं बंद होण्याच्या, आधी गेटमध्ये शिरलं तर ठीक, नाहीतर आठवडा गेला.

बोटीवर डबा चढायच्या २४ तास आधी अमेरिकन आयातदारानं तिकडच्या कस्टम्सला कळवायचं असतं की माल कोणी बनवला, कोणी विकला, कुठे जाणार. उशीर झाला किंवा चूक झाली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड. एफडीएला वेगळी पूर्वसूचना, समुद्रमार्गे माल असेल तर पोचायच्या किमान आठ तास आधी. कारखान्याची स्वतःची एफडीए नोंदणी असते, ती दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत नव्यानं करावी लागते. विसरलात तर जानेवारीत तुमचा कारखाना त्यांच्या लेखी अस्तित्वात नसतो. आणि २०११ च्या अन्नसुरक्षा कायद्यापासून परदेशी कारखाना नीट चालतो की नाही हे तपासण्याची जबाबदारी आयातदाराच्या गळ्यात आहे. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसन गावचा व्यापारी हल्ली दर विचारण्याआधी सामूच्या नोंदवह्या मागतो. पूर्वी तो फक्त चव बघायचा.

पण सगळ्या कागदांत मला धास्ती वाटते ती लेबलाची, कारण ते बरणीला चिकटलेलं असतं आणि बदलता येत नाही.

हिंगाचं उदाहरण घ्या. बाजारात मिळणारा बांधानी हिंग म्हणजे नुसता हिंग नव्हे. मूळ चीक फार उग्र असतो, म्हणून त्यात डिंक आणि पीठ घालतात, बहुतेक वेळा गव्हाचं. लोणच्यात हिंग चिमूटभर, त्यात गहू त्याहून कमी. पण अमेरिकेत गहू हा जाहीर करावाच लागणारा अ‍ॅलर्जीकारक घटक आहे. काही वर्षांपूर्वी मी तपासलेल्या लेबलावर घटकांच्या यादीत नुसतं हिंग असं लिहिलेलं होतं आणि माझ्या नजरेतून ते सुटलं. माल तिकडे अडकला. परवानगी घेऊन गोदामात प्रत्येक बरणीवर दुरुस्तीचं स्टिकर लावावं लागलं. २,००० खोके गुणिले १२, म्हणजे २४,००० स्टिकर, तासाच्या मजुरीनं, डॉलरमध्ये. त्या वर्षी त्या मालात कारखान्याला काही उरलं नाही. तेव्हापासून मी कारखान्यात गेलो की आधी हिंगाचा डबा उलटा करून वाचतो.

१ जानेवारी २०२३ पासून तीळही अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जीकारक घटकांच्या यादीत आला आहे. चकली, तिळाची चटणी, गोडा मसाला, सगळ्यांची लेबलं त्या वर्षी बदलली. शुद्ध मोहरीचं तेल तर इरुसिक आम्लामुळे तिकडे खाद्यतेल म्हणून चालतच नाही. अमेरिकेतल्या देशी दुकानांत त्या बाटलीवर 'फक्त बाहेरून लावण्यासाठी' असं छापलेलं असतं ते यासाठी. उत्तरेकडच्या लोणचीवाल्यांना हा अडथळा मोठा, आपण शेंगदाणा-सूर्यफुलावर भागवतो. आणि एकच माल सगळ्या देशांना चालतो असंही नाही. मसाले निर्जंतुक करायला वापरतात तो इथिलीन ऑक्साइड अमेरिकेत ठरावीक मर्यादेत चालतो, युरोपात अन्नावर वापरायला बंदी आहे. २०२० च्या सप्टेंबरात भारतीय तिळात तो सापडला आणि युरोपभर पाव-बिस्किटांसारखा माल मागे घ्यावा लागला. आखातात जायचं असेल तर मजकूर अरबीत हवा. म्हणून कोणी म्हणालं की आमचं लेबल एक्स्पोर्ट क्वालिटीचं आहे, तर मी विचारतो, कुठल्या देशाचं?

एक जाता जाता. आमरसाच्या डब्यावर हापूस लिहिलेलं असलं तरी तो रत्नागिरी-देवगडचाच असेल असं समजू नका. रस काढायचे मोठे कारखाने आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी भागातही आहेत आणि तिकडे हापूस पिकतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते या गोंधळावरचं उत्तर. चवीचा वाद मी इथे काढत नाही.

बोटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. जुना रस्ता तांबडा समुद्र आणि सुएझमधून, साधारण महिनाभराचा. २०२३ च्या अखेरीस तिथं येमेनच्या हुथी बंडखोरांचे बोटींवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक कंपन्यांनी बोटी आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून न्यायला सुरुवात केली आणि दहा-पंधरा दिवस वाढले. जुलै-ऑगस्टमध्ये केपला हिवाळा असतो. आपला माल तिथं गार होतो आणि मग विषुववृत्त ओलांडताना घामेजतो. बातम्यांत या वळशाचं भाडं किती वाढलं ते येतं, कॅल्शियम क्लोराइडच्या किती पिशव्या जास्त लागतात ते येत नाही.

विम्याचं मात्र ऐका. लोक म्हणतात, बोट काही रोज बुडत नाही, विमा कशाला? २०२१ च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझमध्ये सहा दिवस अडकली तेव्हा तिच्यावर १८ हजारांवर डबे होते. बोट सुटल्यावर मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. समुद्रावरचा हा फार जुना नियम: बोट आणि माल वाचवायला जो खर्च झाला तो बोटमालक आणि सगळे मालधनी आपापल्या मालाच्या किमतीप्रमाणे वाटून घेतात. तुमचं लोणचं शाबूत असलं तरी तुमचा वाटा भरल्याशिवाय किंवा हमी दिल्याशिवाय डबा हातात येत नाही. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते. नसेल तर रोख.

डबा उतरतो तो न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या बंदरात, नेवार्क-एलिझाबेथच्या धक्क्यांवर. कंटेनरचा जन्मही इथलाच म्हणायचा. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन नावाच्या ट्रकवाल्यानं 'आयडियल एक्स' या जुन्या तेलवाहू जहाजावर ५८ डबे चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवले. तोवर माल पोती-पेट्यांनी चढायचा, हमालांच्या पाठीवरून, आणि वाटेत चोरीला जायचा, फुटायचा, भिजायचा. पाठीवर चढवायचं असतं तर सांगलीचा पापड अमेरिकेत गेला असता का, याची मला शंका आहे.

पुढचं झटपट. एफडीएचा संगणक कागद चाळतो. बहुतेक डबे कागदांवरच सुटतात, काही उघडले जातात, काहींचे नमुने घेतले जातात: कीड, रंग, जंतू, लेबल. तपासणीचा खर्च आयातदाराचा, आणि धक्क्यावरचे मोफत दिवस संपले की रोजचं भाडंही त्याचंच. एकदा दोष सापडून कारखान्याचं नाव इशाऱ्याच्या यादीत गेलं की पुढचा प्रत्येक डबा न तपासताच अडवला जातो आणि माल निर्दोष आहे हे सिद्ध करायचं काम आपल्याकडे येतं. त्या यादीत जायला एक खेप पुरते, बाहेर यायला ओळीनं अनेक खेपा स्वच्छ जाव्या लागतात. वीस वर्षं हेच बघतो आहे: माल समुद्रात क्वचितच खराब होतो. खराब व्हायचा तो आधी होतो, आणि मग समुद्रात जातो.

शेवटी तारखांचा हिशेब. मेमध्ये कापलेली कैरी, जूनमध्ये भरलेली बरणी, जुलैच्या मध्याला सुटलेली बोट, केपवरून चाळीसएक दिवस, मग कस्टम्स, गोदाम, वितरक. एडिसनमधल्या ओक ट्री रोडच्या दुकानात बरणी मांडली जाते तेव्हा तिच्या बारा महिन्यांपैकी तीन-चार संपलेले असतात. दुकानदार जुना माल पुढे लावतो. तेव्हा तिकडे राहणाऱ्यांनी हात जरा लांब करून मागच्या रांगेतली बरणी घ्यावी, आणि झाकणाखाली तेलाचा थर फोडींच्या वर आहे की नाही तेवढं बघावं.